न चाललेली बावीस पावलं

गॅरेजमध्ये हात चालवणारे चौघे होते, कान चालवणारा एकच. म्हणून गिऱ्हाइकं त्याला कानवाला म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्याला त्याचा राग नव्हता. उलट कोणी नवीन माणूस फाटकात उभा राहून "कानवाले इथेच का?" असं विचारायचा, तेव्हा तो मुद्दाम दोन क्षण उशिरा वर बघायचा.

गाड्यांची वायरिंग हे त्याचं काम. चाळीस वर्षं तेच केलं. गॅरेज त्याने आणि धाकट्या भावाने मिळून उभं केलं होतं. भावाने पाठदुखीमुळे काम सोडलं आणि गल्ला पुतण्याच्या हातात आला. पुतण्या कामाला वाईट नव्हता. हात सफाईदार होता, गिऱ्हाइकाशी बोलणं गोड होतं. फक्त त्याला दिवसाला बारा गाड्या बाहेर काढायच्या असत, आणि कानवाल्याच्या हिशेबात दिवसाला सातच गाड्या बसत.

इंडिकेटर हा कानवाल्याचा खास विषय. वळायचा दिवा लावला की डॅशबोर्डखाली रिले टिकटिक करतो. त्या बाजूचे पुढचा आणि मागचा दोन्ही बल्ब लागत असतील तर टिकटिक सावकाश, एका चालीत होते. एक बल्ब जरी गेला तरी रिलेवरचं ओझं कमी होतं आणि तो धावत सुटतो. म्हणजे गाडी स्वतःच ओरडून सांगते की माझा एक दिवा मेलाय. बहुतेक मेकॅनिकांना 'हळू' आणि 'जलद' एवढंच कळायचं. कानवाल्याला त्यातल्या पायऱ्या कळत. बल्ब चुकीच्या ताकदीचा बसवलाय, बॅटरी उतरली आहे, रिलेचे पॉइंट काळे पडलेत, हे तो शेजारी चाललेल्या ग्राइंडरच्या आवाजातही सांगायचा. एकदा एक टॅक्सीवाला रस्त्यावरून नुसता वळून गेला, तर हा आतून म्हणाला, "त्याचा पुढचा उजवा गेलाय." टॅक्सीवाला संध्याकाळी त्याच तक्रारीसाठी आला, तेव्हा सगळे हसले आणि कानवाला हसला नाही.

पण कानावर विसंबून त्याने कधी गाडी सोडली नव्हती. त्याचा नियम होता: आधी ऐकायचं, मग इंडिकेटर चालू ठेवून गाडीभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक दिवा डोळ्याने बघायचा, आणि मगच आत बसून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात खडूने बरोबरची खूण करायची. मध्यम गाडीभोवती ती फेरी बावीस पावलांची होई. त्याने मोजली होती. कोणी आळस केला की तो म्हणे, "बावीस पावलं चालायला तुझ्या पायाला काय होतं रे? बायकोच्या माहेरी चाललायस का?"

ती खूण म्हणजे गॅरेजचा शब्द होता. खूण झाली की गाडी गेली. खुणेखाली नाव लिहायची गरज नव्हती, कारण खूण फक्त तोच करायचा.

शाळेतल्या बाईंची गाडी आली तो दिवस साधाच होता. बाई प्राथमिक शाळेत शिकवत. गाडी जुनी, छोटी, पांढरी. सकाळी शाळेत जाता जाता त्यांनी ती ठेवली आणि पुतण्याला सांगितलं, "डावीकडे वळताना टिकटिक फार जोरात पळते हो. संध्याकाळी नेईन."

कानवाला तेव्हा एका ट्रकच्या स्टार्टरखाली आडवा होता. उठला तेव्हा दुपार झाली होती आणि त्याचा डावा गुडघा सुजून भाकरीसारखा झाला होता. दोन महिने तो गुडघा छळत होता. डॉक्टरांनी बसून काम करा असं सांगितलं होतं. ऐकून पुतण्या म्हणाला होता, "काका, बसून काम फक्त मंत्री करतात."

संध्याकाळी बाई आल्या. आवराआवर चालली होती.

"बाईंच्या गाडीचं काय होतं?" कानवाल्याने विचारलं.

"झालं काका. केलंय सगळं. तुम्ही फक्त खूण करा, त्या खोळंबल्यात," पुतण्या म्हणाला.

"बल्ब होता का?"

"झालं म्हटलं ना."

तो गाडीत बसला. डावा लावला. टिकटिक सावकाश, एका चालीत. समोरच्या भिंतीवर पुढच्या दिव्याचा पिवळा उजेड येत जात होता. उजवा लावला. तोही तसाच. त्याने दरवाजा अर्धा उघडला, उजवा पाय बाहेर टेकवून डावा उचलला, आणि गुडघ्यात कळ गेली ती थेट मांडीपर्यंत. बाई बाहेर घड्याळ बघत उभ्या होत्या. त्याने पाय आत घेतला. बसल्या जागेवरून काचेवर खूण केली. दरवाजाला धरून उतरला आणि सरळ पाण्याच्या माठाकडे गेला. मागे वळला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी शाळेजवळच्या कोपऱ्यावर गाडी डावीकडे वळवली. मागून स्कूटरवर पाववाला येत होता, मागे पावांची पेटी बांधलेली. त्याला वाटलं गाडी सरळ जाणार. तो डावीकडून पुढे निघाला आणि गाडीच्या डाव्या दरवाजावर आदळला. पाय दोन ठिकाणी मोडला. बाई रस्त्यात उभ्या राहून सांगत होत्या, "मी दिवा दाखवला होता, आतमध्ये टिकटिक ऐकू येत होती." पाववाला पावांच्या मध्ये पडून सांगत होता, "कुठला दिवा? मला दिवा दिसला नाही." आजूबाजूला जमलेल्या लोकांनी दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय असं ठरवून टाकलं. कोण, यावर मात्र त्यांचं एकमत झालं नाही.

गाडी दुपारी गॅरेजात आणली. विमा कंपनीचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. बाई घरी होत्या. गॅरेजात जेवणाची सुट्टी होती आणि कानवाला, पुतण्या असे दोघेच गाडीजवळ.

कानवाल्याने डावा इंडिकेटर लावला. टिकटिक सावकाश, एका चालीत. मग तो गुडघा धरून उतरला आणि चालत मागे गेला. अकरा पावलं.

मागचा डावा दिवा काळा होता.

पुढून टिकटिक ऐकू येत होती, इतकी शहाण्यासारखी, की सगळं ठीक आहे असं कोणालाही वाटावं. मग त्याने स्क्रू काढले, काच उतरवली, बल्ब काढून उजेडात धरला. तार शाबूत होती. बॅटरीवर लावून बघितला, लागला. टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या पत्र्याला लावला आणि टोक होल्डरच्या आत टेकवलं. टेस्ट लॅम्प उघडझाप करायला लागला. म्हणजे करंट येत होता. मग चिमटा पत्र्यावरून काढून होल्डरच्याच कडेला लावला. टेस्ट लॅम्प विझला. म्हणजे परतीची वाट बंद होती. होल्डर उपटून बघितला तर खालची पत्री हिरवी पडून काळ्या वायरीपासून सुटली होती. डिकीच्या रबरातून पाणी शिरत होतं, ते वर्षानुवर्षं तिथे साचलं होतं.

साधा रोग. वीस मिनिटांचं काम. प्रश्न तो नव्हता. दिवा बंद असताना रिले का पळत नव्हता, हा प्रश्न होता.

तो पुढे आला आणि डॅशबोर्डखाली मान घातली. बाकी सगळ्यावर धुळीचा थर होता आणि मधोमध रिले नवाकोरा, चकचकीत. बाजारात नव्याने आलेले हे रिले त्याला माहीत होते. त्यांना ओझ्याशी देणंघेणं नसतं. एक दिवा लागो, दोन लागोत, एकही न लागो, ते आपल्या चालीने वाजत राहतात. पुतण्याने त्यांचा एक डबाच आणून ठेवला होता.

"हा तू बसवलास?"

"हो."

"होल्डर उघडून बघितलास?"

"काका, बाईंची तक्रार काय होती? टिकटिक पळते. मी टिकटिक थांबवली."

"म्हणजे गाडी ओरडत होती, तिच्या तोंडात बोळा कोंबलास."

पुतण्या सिगारेट न पेटवताच हातात फिरवत म्हणाला, "आता जे झालं ते झालं. वीस मिनिटं आहेत ना हातात? होल्डर साफ करा, दिवा लावा. उद्या सर्व्हेअर येईल, दिवा लागलेला बघेल, निघून जाईल. बाई सुटतील. आपण सुटू."

"आणि पाववाला?"

"त्याने नीट बघितलं नसेल."

"त्याने नीटच बघितलं. नीट बघितलं नाही ते मी."

"काका, तुम्ही किती शुद्ध आहात ते उद्या त्या माणसाला दाखवून काय मिळणार? गॅरेजच्या फाटकाला कुलूप? खाली राहणाऱ्यांनाही खायला लागतं आणि वर राहणाऱ्यांनाही." घर एकच होतं. वर भाऊ, भावजय आणि पुतण्याचा संसार, खाली कानवाला आणि त्याची बायको.

आपलं मन फिरायच्या आत काहीतरी करून टाकावं असं कानवाल्याला वाटलं. कारण हात शिवशिवत होते. बिघाड समोर उघडा पडलाय आणि तो दुरुस्त करायचा नाही, असं त्याच्या बाबतीत आयुष्यात घडलं नव्हतं. तो टेबलापाशी गेला आणि त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, तुमचा मागचा डावा दिवा लागत नव्हता. पाववाला खरं बोलतोय. चूक तुमची नाही, आमच्याकडची आहे. उद्या सर्व्हेअरसमोर मी तसं सांगेन."

बाई म्हणाल्या, "अहो, पण मला टिकटिक तर नीट ऐकू येत होती."

"ते का, तेही उद्या सांगतो."

फोन ठेवून त्याने होल्डर, बल्ब, काच होतं तसं परत बसवलं. पुतण्याला म्हणाला, "मी पास केली, ते मी सांगतो. रिलेचं तू सांग. दोघांनी आपापलं सांगितलं की झालं."

"बरं काका," पुतण्या म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं." इतकं सरळ उत्तर आलं की कानवाल्याला जरा गहिवरूनच आलं. मुलगा वळणावर येतोय असं त्याला वाटलं. संध्याकाळी दुखरा गुडघा घेऊन तो लवकर घरी गेला. कुलूप लावायला पुतण्या थांबला.

सकाळी सर्व्हेअर आला. हातात फॉर्म, खिशाला दोन पेनं. बाईही आल्या होत्या, शाळेतून तासाभराची सवलत घेऊन. भाऊ पाठीला पट्टा बांधून खुर्चीत बसला होता. सर्व्हेअर गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "डावा लावा."

कानवाल्याने आत बसून डावा लावला.

टिकटिकटिकटिकटिकटिक.

इतक्या जोरात, इतक्या घाईने, की आंधळ्यालाही कळावं. त्याचा हात दांड्यावर तसाच राहिला. पहिल्या तीन ठोक्यांतच त्याला सगळं समजलं. तो आवाज तो ओळखत होता. जुन्या रिलेचा आवाज होता तो, पॉइंट थोडे काळे पडलेल्या, पण चांगल्या अवस्थेतल्या. गुडघ्याची पर्वा न करता तो डॅशबोर्डखाली वाकला. जुना रिले जागेवर होता. वर धूळसुद्धा होती. पुतण्याने काम मन लावून केलं होतं.

"मागचा बंद आहे," सर्व्हेअर मागून म्हणाला आणि फॉर्मवर लिहिलं. मग पुढे आला. "पण हे काय, केवढ्याने वाजतंय. गाडी पास कोणी केली?"

"मी," कानवाला म्हणाला. "पण तेव्हा असं वाजत नव्हतं. कालपर्यंत इथे नवा रिले होता."

"कुठला नवा रिले, काका?" पुतण्या जवळ आला. त्याने कानवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळुवार विचारलं, "हे तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?"

ग्राइंडर बंद झाला होता. बाकीचे तिघे काम सोडून बघत होते. त्यांच्यातला एक जण खाली बघायला लागला.

कानवाला बाईंकडे वळला. "बाई, गाडी नेली तेव्हा आवाज कसा होता? सांगा त्यांना."

बाई सर्व्हेअरच्या फॉर्मकडे बघत होत्या. पुतण्या म्हणाला, "बाई, आवाज जोरात पळतो म्हणूनच तर तुम्ही गाडी आणली होतीत. तोच असेल, नाही का?"

"असेल हो," त्या म्हणाल्या. "मला टिकटिकीतलं काय कळतं? गाडी नीट झाली म्हणून सांगितलं, मी नेली."

फोनवरचं वाक्य त्या विसरल्या नव्हत्या, हे त्यांच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं. पण गाडी नीट वाजत नाही हे ऐकूनही आपण चालवली, असं कोणी म्हणेल या भीतीने त्या आधीच एक पाऊल मागे सरकल्या होत्या. त्यांनाही नोकरी होती.

"वय काय तुमचं?" सर्व्हेअरने विचारलं.

"बासष्ट."

त्याने ते लिहिलं. "कान कधी तपासले होते?"

"कधी नाही."

"बरं, एवढं सांगा. पास करताना मागे जाऊन दिवा बघितला होता?"

कानवाल्याला बरंच बोलता आलं असतं. नव्या रिलेंचा डबा दाखवता आला असता. जुन्या रिलेच्या वरच्या धुळीवर कालच्या बोटांचे ठसे असतील असं सांगता आलं असतं. पण प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होतं.

"नाही," तो म्हणाला. "मागे गेलो नाही."

सर्व्हेअरने तेच लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्याचं काम झालं. फॉर्मवर रिलेसाठी रकानाच नव्हता.

त्या दिवसानंतर खडू पुतण्याच्या हातात गेला. कोणी कानवाल्याला काढलं नाही. भाऊ खाली येऊन म्हणाला, "दादा, खूप केलंस. आता आराम कर." कानवाल्याने त्याला रिलेची सगळी हकीकत सांगितली, एकदा, आवाज न चढवता. भाऊ ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझा मुलगा असं करेल?" आणि उत्तराची वाट न बघता पट्टा सावरत जिना चढून गेला. गिऱ्हाइकांना गॅरेजात सांगितलं जाई, काकांचे कान गेले, आता आम्ही तपासणी दोनदा करतो. गिऱ्हाइकांना ते पटे. गाड्या कमी झाल्या नाहीत.

कानवाला पाववाल्याला भेटून आला. पाववाला खाटेवर होता, पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. याने सगळं सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. "म्हणजे तुम्ही खरं बोललात म्हणून मला विम्याचं काहीतरी मिळेल," तो शेवटी म्हणाला. "उपकार झाले. माझी गिऱ्हाइकं दुसऱ्या पाववाल्याने धरली, ती काही खरं बोलून परत येत नाहीत. आणि मागे जाऊन बघायला किती वेळ लागला असता हो?"

"अर्धं मिनिट."

"अर्धं मिनिट," पाववाला म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरात लोक त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागले. आधी भावजय, मग पुतण्याची बायको, मग शेजारी. "भावोजी, जेवलात का?" असं भावजय जिन्यावरून ओरडायची, आणि ती खरंच काळजीने ओरडायची. त्याने दोन-चारदा "हळू बोल, ऐकू येतं" असं सांगितलं. त्यावर ती प्रेमाने हसून आणखी मोठ्याने "बरं बरं" म्हणाली.

शेवटी त्याने ठरवलं की कागदावरच आणायचं. तो एकटा कानाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर पट्टा चढवला आणि बारीक बारीक आवाज सोडले. जो आवाज ऐकू येईल त्याला बटण दाबायचं. त्याने इतक्या खालच्या आवाजांना बटण दाबलं की डॉक्टरांनी यंत्र पुन्हा तपासलं. "या वयात असे कान मी बघितले नाहीत," ते म्हणाले. "चांगले जपलेत." आणि त्यांनी तसं लिहून दिलं.

तो बाहेरच्या बाकावर बसला आणि त्याने कागद दोनदा वाचला. मग सवयीप्रमाणे वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी तसा विचार करत गेला. कान चांगले आहेत. ठीक. सर्व्हेअरसमोर गाडी जोरात वाजत होती, ती सगळ्यांनी ऐकली. आता हा कागद सगळ्यांपुढे ठेवला, तर त्याचा अर्थ काय निघतो? की त्याला ती घाईची टिकटिक लख्ख ऐकू आली होती, तरी त्याने गाडी पास केली. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याला लोक क्षमा करतात. ऐकूनही खूण करणाऱ्याला कोण करेल? पुतण्याने इतका पुढचा विचार केला होता की नाही, कोण जाणे. पण काम पक्कं झालं होतं. कुठेही सैल टोक राहिलं नव्हतं.

त्याने कागदाची घडी केली, मग आणखी एक घडी केली, आणि तो आतल्या खिशात सारला.

घरी पोचला तेव्हा बायको दाराशी उभी होती. रिलेचं सगळं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने सांगितलं होतं आणि तिने विश्वासही ठेवला होता. तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली होती, "तुमचं खरं आहे. पण आपल्याला याच घरात राहायचंय." आता भावजय वरून वाकून बघत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?" भावजयीने ओरडून विचारलं.

तो तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने वर मान करून सांगितलं, "कमी ऐकू येतं म्हणाले. वयच झालं ना." कागद तिने पाहिला नव्हता. मागितलाही नाही.

"औषध दिलं का, भावोजी?" भावजय आणखी जोरात म्हणाली.

बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी होती आणि थोडी शरमही.

"काय म्हणालीस?" त्याने वर बघून विचारलं, आणि भावजयीला तोच प्रश्न पुन्हा एकदा ओरडून विचारू दिला.